रिकाम्या पिंजऱ्यातलं जनावर

आधीच सांगते, मी या ग्रुपवर येते ती हसायला. तुमच्या पांढऱ्या साड्या, तुमचे पिंपळ, घाटात लिफ्ट मागणाऱ्या बायका... रोज रात्री जेवताना नवऱ्याला वाचून दाखवते आणि दोघं खिदळतो. मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्तात असेल तर रिपोर्टमध्ये येणार, नसेल तर नाही — विषय संपला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. हसा हवं तर, मीही तुम्हाला कमी हसलेली नाही!

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही शेलूला राहतो — मी, नवरा सुधीर, नऊ वर्षांची अन्वी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आईंना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यात जमा, आणि डाव्या डोळ्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही धूसर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्सनी उरलेली टिकली तर टिकली. घरी आल्यावर आम्हा दोघांचे चेहरे उतरलेले. शेवटी आईच म्हणाल्या, "तोंडं पाडून काय बसलाय? मला उजेड हाय तवर एकदा ते जनावर दाखवा. मग झालं."

जनावर म्हणजे वाघ. आणि आईंच्या लेखी बिबट्याही वाघच. पण त्याचं नाव घ्यायचं नाही! नाव घेतलं की येतो, असं त्यांच्या माहेरी, डोंगराखालच्या गावात, सगळे मानायचे. आईंनी उभा जन्म हे पाळलं. लाकडाला गेल्या, शेतात राबल्या... त्याने शेळी नेली, चिखलात त्याची पावलं उमटली, पण तो काही आईंना दिसला नाही. सासऱ्यांना मात्र दोनदा दिसला होता, आणि ते जाईपर्यंत त्यांनी ती गोष्ट सांगून सांगून आईंना जळवलं.

सुधीरने शोधून काढलं की खालापूरच्या बाजूला, लोधिवलीवरून आत गेलं की एक छोटं प्राणी-उद्यान आहे आणि तिथे बिबट्या आहे. (नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाला उगाच त्रास नको.) रविवारी सकाळी निघालो. आईंनी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी केली होती. गाडीत तो वास! मी म्हटलं, "आई, प्राणी बघायला चाललोय, सुकट कशाला?"

"त्यांना बी कळू दे कोण आलंय."

उद्यानात अन्वी नुसती नाचत होती. आईंचा मात्र प्रत्येक प्राण्यापुढे शेरा. माकडं आली, तर "ह्यांना हाकलण्यात माझा जन्म गेला, आता तिकीट काढून बघू?" मोर आला, तर "हा मुंबईच्या लोकान्ला दाखवा." मगरीला म्हणे, "उठ गं, जेवायची वेळ झाली." आजूबाजूची माणसं आपापले प्राणी सोडून आईंचं ऐकायला थांबत होती.

जेवून दोनच्या सुमारास बिबट्याच्या पिंजऱ्याशी पोचलो. पिंजरा म्हणजे चांगली मोठी जागा, जाळी घातलेली, आत झाडं आणि एक सपाट खडक. तिथले एक काका पालापाचोळा झाडत होते. म्हणाले, "आज नाही दिसणार हो. जुन्याला दुसरीकडे हलवलं. नवीन आलाय चार दिवसांपूर्वी, पण मागच्या खोलीत आहे, औषधपाणी चालू आहे. अजून कुणालाच दाखवलेला नाही."

सुधीरने हात जोडले. "काका, माझ्या आईसाठी. फक्त एकदा."

"साहेब, नोकरी जाईल माझी," म्हणाले आणि निघून गेले.

आई बाकावर बसल्या. "जाऊ दे रं सुधीर. माझ्या नशिबात नाय ते." पदराने चष्मा पुसत राहिल्या. मला इतकं वाईट वाटलं ना... परत कधी येणार, आणि तोवर नजर कुठे राहणार!

तेवढ्यात अन्वी म्हणाली, "आजी, चूक तुझीच आहे. नाव घेतलं की येतो म्हणतेस ना? मग घे की नाव!"

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आगं पोरी..." म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग उठल्या. चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि जेवायला हाक मारावी तशी हाक मारली — "वाघोबा! ये रं बाबा. माझी नजर चाललीय. एकदा दिस."

आत काही हललं नाही. मी त्यांना धरायला पुढे गेले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"आला गं."

मी बघितलं. खडक, ऊन, सुकं गवत. बस्स.

"आई, मला नाही दिसत," अन्वी माझ्या कानात पुटपुटली. मी तिला डोळ्यांनी दटावलं. सुधीर म्हणाला, "हो आई, दिसला," आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

मी आपलं त्यांचं मन राखायला विचारलं, "कसा आहे हो?"

"खडकावर बसलाय. अंगावर फुलंच फुलं! डावा कान अर्धा नाय त्याला. आनि फुडचा पाय चाटतोय बघ... उजवा. दोन बोटं नायत रं बिचाऱ्याला."

दहा मिनिटं आई हसऱ्या तोंडाने बघत होत्या. मग हात जोडले. "गेला," म्हणाल्या.

मागे काका उभे होते, झाडू तसाच हातात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आजींना कुणी सांगितलं?" आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अंधाऱ्या खोलीत बिबट्या आडवा पडलेला. तारेच्या फासात अडकला होता म्हणे. डावा कान अर्धा. उजव्या पंजाची दोन बोटं नाहीत.

मी तशी सोडणारी नाही. काकांना घेऊन मागे जाऊन आले. लोखंडी दार, बाहेरून कुलूप, खिडकी नाही. पेपरात फोटो आलाय का तेही घरी आल्यावर शोधलं, नव्हता आला. आणि आला असता तरी आईंना पेपर कुठला दिसतोय?

परतीच्या वाटेवर आईंनी स्वर्गवासी सासऱ्यांना जाहीर सुनावलं — "तुमी लांबून बघितलात. माझ्याफुडं येऊन बसला!"

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नजर अधू झाली की कधी कधी मेंदू आपणच चित्रं काढतो, घाबरण्यासारखं काही नाही. मला हायसं वाटलं. मग मी विचारलं, "पण कान? बोटं?" डॉक्टरांनी समोरचा दिवा लावला आणि आईंना वाचायला सांगितलं. आईंना तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही लागलं नाही. रिपोर्ट आधीपेक्षा वाईट होता. मला रडू फुटायचं बाकी होतं.

आणि आई आरामात खुर्चीतून उतरून म्हणाल्या, "माझं बघायचं बघून झालं, डॉक्टर. आता ह्या दोघांचे डोळे तपासा. येवढं मोठं जनावर फुडं बसलेलं, ह्यांना दिसलं नाय."

डॉक्टर हसले, सुधीरही हसला. मी मात्र खरंच त्या खुर्चीत जाऊन बसले. माझी नजर एकदम उत्तम निघाली... म्हणजे उत्तर काही मिळालं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.