फेबियनची ओंजळ

क्लेमेंटीन गिरीजला नवी सून म्हणून आली त्याच महिन्यात तिने चुलीमागून दोघा भावांचं भांडण ऐकलं. भांडण बावखलावरून होतं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी धरून विहीर गोडी ठेवतं.

"माझं अर्धं मी बुजवतो, दादा. घर बांधायचंय," रॉबर्ट म्हणाला.

"पान्याचं अर्धं कसं करशील? सुरीनं कापशील?" तिचा नवरा, फेबियन, ओरडला. "विहीर खारी होईल!"

"होईल तेव्हा बघू."

"झालीच, तर खारी वाडी मला कशाला? माझंबी अर्धं तुझं. सगळी वाडी तुझी. क्रुसाची आण!"

रॉबर्टने बुजवलं. तेव्हापासून फेबियन पंप सुरू करण्याआधी रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत मिटावेत तसे डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गोड हाय." चाळीस वर्षं. घरात नळ आला, मग टँकर आला. हा बाबा प्यायचा विहिरीचंच.

यंदा राजेळीची पानं कडेने करपली, कुणी काडी लावल्यासारखी. राजेळी ही जिची केळी सुकवून सुकेळी करतात ती केळ, वाडीत चारच खुंट उरलेले. फेबियनने वाऱ्याला शिव्या घातल्या, खताला घातल्या. पाण्याला एक शब्द नाही.

एका दुपारी तो ताटावरून खेकसला, "कालवन आळनी! मीठ संपलं काय गो?"

क्लेमेंटीनने चाखलं. मीठ बेताचं होतं. ती तशीच उठून विहिरीवर गेली, घोट घेतला आणि थुंकली. खारं! पाण्याबरोबर हळूहळू त्याची जीभही खारावली होती. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. खोटारड्या नवऱ्याशी निदान भांडता येतं.

सांगावं, तर शब्दाचा पक्का माणूस संध्याकाळी वाडी द्यायला रॉबर्टच्या दारात उभा राहील. न सांगावं, तर तो खारं पाणी पाजून स्वतःच्या हाताने केळींना मारतोय. मग तिने त्याच्या ताटात चिमूटभर मीठ जास्त टाकायला सुरुवात केली. दुपारी त्याचा डोळा लागला की ती टँकरचं पाणी हंड्याने राजेळीला घालायची. सकाळी पंप तिच्या कमरेच्या कळांवर पाणी फिरवायचा. तीन खुंट आडवे झाले.

फेबियन वारला त्या मंगळवारी चौथा उभा होता. सकाळी तो छाती चोळत उठला.

"अवो, आज राहू द्या."

"पानी कोन बघील मग, तू?"

विहिरीवर त्याने ओंजळ भरली, डोळे मिटले, गिळलं.

"गोड हाय."

"हाय तर," क्लेमेंटीन म्हणाली.

त्याने बटण दाबलं. पाणी पाटातून राजेळीकडे निघालं.