घराचं फौंडेशन
जुनं लुगडं उन्हात घातलं, तर खळीचा आंबूस वास आला आणि मी थेट शहापुरातल्या माझ्या माहेरी, विणकराच्या घरी पोचले. मला बघायला बेळगावचे एक वकील आलेले, मुलासाठी. मी इंग्रजी शिकते कळताच त्यांनी विचारलं, "फौंडेशन म्हणजे काय? वाक्यात सांग बघू." मी बोलून गेले, "पाया. आमच्या घराचं फौंडेशन एक खड्डा आहे." आईनं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र उठले, "खरं हाय की साहेब. या, दावतो." आत हातमाग होता, विणताना पाय सोडायचा खड्डा होता. वकील धोतर सावरून त्यात पाय सोडून बसले, पायाखालची पावडी दाबून बघितली आणि खो खो हसले. "सून पसंत! पण लग्नाचं लुगडं याच खड्ड्यावरचं पाहिजे." तेच हे. उद्या माझी नात नेसणार आहे.