रोलर येणार आहे

मी नगरसेविका झाले ती एका चिठ्ठीमुळे. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि वर्षानुवर्षं उभे राहणारे, पडणारे आणि पुन्हा उभे राहणारे सगळे पुरुष एका दुपारीत निकामी झाले. मग शोध सुरू झाला की कोणाच्या घरी बरी बाई आहे. कोथरूडच्या आमच्या गल्लीत मी शाळेत शिकवत होते, आवाज खणखणीत होता आणि निम्म्या वॉर्डाची मुलं माझ्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती. एवढं भांडवल पुरलं. ज्यांनी मला उभं केलं त्यांची कल्पना अशी होती की सही मी करीन आणि कारभार आमचे हे बघतील. आमचे हे बँकेत होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मला ऑफिसात पुरेशा सह्या असतात. तुझ्या तू कर."

तेव्हा करायचं काय, हे मला कळेना. मला येत होतं ते एकच, फळ्यावर लिहिणं. शाळेच्या अडगळीत एक जुना फळा पडला होता. तो मी मागून आणला, काळा रंग दिला आणि दूध केंद्राशेजारच्या बदामाच्या झाडाखाली दोन लोखंडी पायांवर उभा केला. रोज सकाळी सहाला जाऊन वॉर्डातली बातमी लिहायची. पाणी, वीज, कचरा, धुराची फवारणी, कोणत्या खात्याचा साहेब कधी येणार. नियम एकच ठेवला: जे माहीत आहे तेच लिहायचं आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहायचं. नियमाचा दुसरा भाग मला फार जड गेला.

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. लोक दुधाची पिशवी हातात धरून फळा वाचत उभे राहायचे तेव्हा मी समोरच्या बाकावर बसून उगीच पिशवीतली भाजी निवडायची आणि कान तिकडे ठेवायची. "अक्षर मोत्यासारखं आहे," असं कोणी म्हणेल या आशेवर मी कित्येक किलो घेवडा निवडला. लोक म्हणायचे ते असं: "पाणी येणार नाही हे इतकं सुंदर लिहायची काय गरज?"

फळ्याचा खरा वाचक मात्र एकच होता. आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तारखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकटे राहत. मी त्यांना मनात तारमास्तर म्हणत असे. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात स्वतःचा खडू. जन्मभर शब्द मोजून पैसे घेतलेला माणूस, त्यामुळे त्यांना माझ्या प्रत्येक वाक्यात उधळपट्टी दिसायची. मी लिहिलं, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की उद्या सकाळी पाणीपुरवठा कमी दाबाने होईल." ते दोन्ही हात मागे बांधून वाचायचे, ओठ हलवत शब्द मोजायचे आणि मला म्हणायचे, "बाई, चार शब्दांत झालं असतं." मग फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एक प्रश्न टाकायचे: "आज कोणत्या दाबाने आले?"

मला संताप यायचा. फळा माझा, वॉर्ड माझा, आणि हा माणूस रोज माझा पेपर तपासतो! मी डस्टरने त्यांचा कोपरा पुसायची. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न हजर. "फवारणी झाली. डासांना कळवले का?" लोक माझी बातमी सोडून आधी कोपरा वाचायला लागले. दूध केंद्रवाल्या मावशी तर मला सरळ विचारायच्या, "आज खाली काय लिवलंय हो?"

मग आमच्या गल्लीखालून कॉम्प्युटरचं युग जायला लागलं. कुठल्याशा कंपनीची नव्या प्रकारची तार टाकायची म्हणून अख्खा रस्ता उभा चिरला. तो चर बुजवला तोवर ड्रेनेजवाले आले आणि त्यांनी दुसरी बाजू चिरली. त्यानंतर दुसऱ्या कंपनीला स्वतःची वेगळी तार हवी होती, त्यांनी मधोमध चिरलं. तारमास्तर रोज चराच्या काठावर उभे राहून आत बघायचे. एकदा मला म्हणाले, "आमच्या वेळी तार वरून जायची. लोक पडत नसत." हे मात्र खरं होतं. चरात दोन स्कूटरस्वार, एक पोस्टमन आणि लग्नाच्या वरातीतला एक ताशावाला एवढे पडून झाले होते.

डांबर टाकायला पालिकेचं खातं तयार होतं. दोनदा रोलर आला आणि दोनदा परत गेला, कारण रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. ते दिवसच तसे होते. घरटी एक स्कूटर होती तिथे दोन झाल्या, मुलगा कंपनीत लागला की कर्जावर चारचाकी आली आणि ती ठेवायला जागा मात्र कोणीच बांधली नव्हती. मी फळ्यावर विनंती केली, मग आग्रह केला, मग शाळेतला आवाज काढून लिहिलं. एकही गाडी हलली नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "समोरच्याने आधी काढावी."

एका सकाळी माझं डोकं फिरलं. तारमास्तरांनी कोपऱ्यात "रस्ता कधी?" असं नवव्यांदा लिहिलं होतं. मी त्याच्या वर ठळक अक्षरात लिहिलं: "या महिनाअखेर रस्ता झाला नाही, तर हा फळा मी कायमचा बंद करीन." खडू फेकला आणि घरी आले. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर खाली लिहिलं होतं: "लेखी मिळाले."

मी काय लिहून बसले ते तेव्हा कळलं. नगरसेवकपद गेलं असतं तर मला फारसं वाईट वाटलं नसतं, सभागृहात तसंही माझं बोलणं कोणी ऐकत नव्हतं. पण तो फळा माझा होता. सकाळी सहाला, ओल्या फडक्याने पुसलेल्या काळ्या फळ्यावर पहिली ओळ ओढताना मला वाटायचं की या अवाढव्य गावात मी कोणाच्या तरी उपयोगाची आहे. तो जाणार या विचाराने मला खरोखर रडू यायचं. आणि तारमास्तर रोज कोपऱ्यात उरलेले दिवस लिहीत होते. "उरले २१." "उरले २०." आकड्यावर ते शब्दही वाया घालवत नसत.

उरले सहा, तेव्हा सोमवारी सकाळी खात्याच्या ज्युनियर इंजिनिअरचा निरोप आला: उद्या नऊ वाजता रोलर नक्की. मी धावत सुटले. पण त्याच दुपारी मला गाडी पकडायची होती. माझ्या मुलीला बंगळूरच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि कंपनीने तिला तीन दिवसांत हजर व्हायला सांगितलं होतं. तिची खोली लावून देऊन मी शनिवारी परतणार होते. एका हातात तिच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात खडू, अशा अवस्थेत मी लिहिलं: "सकाळी नऊच्या आत सर्व वाहने शाळेच्या मैदानावर न्यावीत. रोलर येणार आहे." मुख्याध्यापिकेला मैदानाचं सांगितलं, यांना फळ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्टेशन गाठलं.

मुलांच्या वहीत तारीख नसली तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करत असे. मी त्या सूचनेवर वार घातला नव्हता, तारीख घातली नव्हती, काहीच घातलं नव्हतं. हे मला दौंडच्या पुढे आठवलं.

शनिवारी सकाळी रिक्षा गल्लीत वळली आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अहो, चुकीच्या गल्लीत आणलंत." समोर काळाभोर, गुळगुळीत रस्ता होता. चर नाही, खडी नाही, एकही गाडी नाही. माझ्या घराचा बाल्कनीतला तुळशीचा डबा दिसला तेव्हा पटलं. मी रिक्षातच मोठ्यांदा हसायला लागले. रिक्षावाला म्हणाला, "बाई, मीटरवर हसू नका, बरोबर आहे ते."

घरात हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "मंगळवारी आला ना रोलर?"

"नाही," हे म्हणाले. "सोमवारी रात्रीच त्या इंजिनिअरचा फोन आला होता. रोलर दुसरीकडे गेला, आता पुढच्या महिन्यात बघू म्हणाला."

"मग फळा पुसलात का?"

"पुसायला गेलो होतो. तिथे ते समोरचे उभे होते. त्यांना सांगितलं रोलर येत नाही. ते म्हणाले, पुसू नका. मी पुसलं नाही." सव्वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातचा मजकूर तसाच ठेवायला कारण लागत नाही.

पुढचं मला दूध केंद्रवाल्या मावशींनी सांगितलं. मंगळवारी निम्म्या लोकांनी गाड्या मैदानावर नेल्या. रोलर आला नाही. लोकांनी खात्याला शिव्या दिल्या आणि गाड्या परत आणल्या. बुधवारी सकाळी फळ्यावर पुन्हा तीच सूचना, आणि खालच्या कोपऱ्यात नवा मजकूर: "काल न हललेली वाहने. निळी स्कूटर, इमारत तीन. पांढरी चारचाकी, काचेवर लिंबू. हिरवी स्कूटर, डॉक्टर. मोपेड, माझी, क्षमस्व." गल्लीला माझ्या विनंतीने काही झालं नव्हतं, पण चारचौघांत नाव निघाल्यासारखं झाल्यावर सगळे पेटले. बुधवारी पाऊण गल्ली हलली. गुरुवारी यादीत फक्त लिंबूवाली चारचाकी उरली, तेव्हा तिच्या मालकाने लिंबू काढून टाकलं. कोपऱ्यात लगेच आलं: "लिंबू काढले. गाडी तीच." शुक्रवारी नऊच्या आत अख्खी गल्ली मोकळी. तारमास्तर स्वतःची मोपेड बुधवारपासून तिन्ही दिवस हाताने ढकलत मैदानावर नेत होते, कारण ती सहा वर्षं सुरूच झाली नव्हती.

आणि शुक्रवारी रोलर आला खरा. पण आमच्याकडे नाही, शेजारच्या गल्लीसाठी. तिथे दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या. गरम डांबराची गाडी रस्त्यात उभी, मुकादमाने भोंगा वाजवला, कोणी खाली उतरलं नाही. डांबर गार व्हायला लागलं. मुकादमाने मान वळवली तर शेजारी एक अख्खी गल्ली आंघोळ करून बसल्यासारखी मोकळी. दुपारपर्यंत त्याने ती करून टाकली.

म्हणजे आमचा रस्ता शेजारच्या गल्लीचा होता. आणि तीही माझ्याच वॉर्डात!

मी तडक फळ्याकडे गेले. माझी सूचना तशीच होती, मोत्यासारखी. पाच दिवस लोकांची कोपरं घासून, वारा खाऊन खडू फिका पडायला हवा होता, तो ताजा होता. मी जवळून पाहिलं. माझी ओळ नेहमी उजवीकडे वर चढते, कितीही सांभाळलं तरी. ही ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. जन्मभर मी वर्गात नकला पकडल्या आहेत. कोणीतरी रोज पहाटे येऊन माझं अक्षर गिरवत होतं.

तारमास्तर बदामाखालीच उभे होते, हात मागे.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"हो."

"रोलर येणार नाही हे माहीत असताना?"

"हो."

"या फळ्यावर एकही खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे! चार दिवस तुम्ही माझ्या अक्षरात खोटं लिहिलंत. सगळ्या गल्लीला पळवलंत. आणि रोज दिवस मोजत होतात ते? तुम्हाला तर फळा बंदच व्हायला हवा होता!"

खिशातला खडू काढून त्यांनी बोटांत फिरवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "फळा बंद झाला असता तर मी सकाळी उठून लिहिणार कुठे?"

इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मला एकदम त्यांची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी आठवली, पहाटे साडेपाचला दिवा लागणारी. त्यांच्याकडे कोणाला जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा कोपरा किती वेळा पुसला होता ते आठवून मला स्वतःची लाज वाटली. भांडायचं ठरवून आलेली मी नाक ओढत उभी राहिले.

मग मी फळा पुसला आणि खरं काय ते लिहिलं: हा रस्ता शेजारच्या गल्लीच्या वाट्याचा होता, तो चुकून आपल्याला मिळाला, त्यांचा रस्ता होईपर्यंत मी रोज खात्यात जाऊन बसेन आणि त्या दिवशी त्यांच्या गाड्या ढकलायला आपण सगळ्यांनी जायचं आहे. वर वार आणि तारीख घातली. तारमास्तर ओठ हलवत शब्द मोजत होते. खाली मी चांगली वीतभर जागा मोकळी सोडली आणि बाजूला झाले.

ते पुढे आले, वाकले, आणि बारीक सरळ अक्षरात लिहिलं:

"रस्ता सुखरूप पोचला. काळजी नसावी."