पत्र्याच्या मधोमध

ईश्वरमामांची बॅग भरायची म्हणजे आधी कडक भाकरी. ज्वारीच्या पातळ, खडखडीत वाळवलेल्या भाकऱ्यांची चळत नागूमामी जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधायच्या. त्यावर शेंगाचटणीचा डबा. उरलेल्या जागेत दोन पांढरे शर्ट, एक पांढरी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट. रॅकेटी बाहेरच राहायच्या. त्यांना मामींनी शिवलेली खोळ होती. नोव्हेंबर लागला की मामा मुंबईला जात, तिथून दिल्ली, तिथून कलकत्ता, आणि जानेवारीच्या शेवटाला परत येत. आमच्या गल्लीत असा प्रवास दुसऱ्या कुणाला नव्हता.

"कशाला जात्यात वो तुमचे मालक एवढ्या लांब?" बायका विचारायच्या.

"चेंडू भिताडावर मारायला," मामी म्हणायच्या.

यात खोटं काही नव्हतं. सोलापूरच्या आमच्या गिरणीच्या साहेब लोकांच्या क्लबात मागच्या अंगाला चार उंच भिंतींची एक खोली होती. वर पत्र्याचं छप्पर, खाली लाकडी जमीन. इंग्रज मॅनेजर होते तेव्हा त्यांनी ती स्क्वॉश खेळायला बांधली. दोघांनी आत उभं राहायचं आणि काळा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर आळीपाळीने मारायचा. त्या भिंतीच्या तळाला गुडघ्याएवढ्या उंचीचा पत्रा ठोकलेला असतो. चेंडू पत्र्याला लागला की मारणारा तो गुण हरला. खेळ एवढाच.

मामा तिथे मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, पण मोजण्यापेक्षा खेळणंच जास्त. ज्या साहेबाला जोडीदार नाही त्याच्याबरोबर खेळायचं. चेंडू त्याच्या हाताशी द्यायचा. फार जवळ नको, त्याला आळस येतो, फार लांब नको, त्याला धाप लागते. पाऊण तासाने साहेब घामाने निथळला पाहिजे, आणि शेवटचा गुण त्याचा झाला पाहिजे. तेवढ्यासाठी मार्करला पत्रा वापरता यावा लागतो. मनगट ऐन वेळी जरा सैल सोडायचं. चेंडू ठणकन पत्र्यावर. मग चेहरा पाडायचा.

"खरा चुकल्याला चेंडू पत्र्याच्या वरच्या काठाला लागतो," मामांनी मला एकदा सांगितलं. "भितीवर मारायला गेलो, जरा खाली आला, असा. मुद्दाम दिल्याला चेंडू मधोमध लागतो. चुकून वर जाऊन भितीला लागला तर साहेब हरायचा की! म्हणून आमी मधोमध मारतो."

हे फक्त मार्कर लोकांना ठाऊक.

हिवाळ्यात मोठ्या शहरांतले क्लब देशभरातल्या मार्कर लोकांच्या स्पर्धा भरवत. पोटासाठी खेळणारे म्हणून त्यांना व्यावसायिक म्हणायचे. साहेब वर सज्जात बसून बघत. मामांचा हंगाम तो एवढाच. "नऊ म्हैने साहेबाला खेळवायचं," ते म्हणायचे, "हे तीन म्हैने आपन खेळायचं." पण इतक्या वर्षांत ते कधी शेवटच्या आठांत पोचले नव्हते. नऊ महिन्यांची सवय हातातून जायची नाही. समोरचा दमलेला दिसला, कोपऱ्यात अडकलेला दिसला, की नेमका त्याच वेळी मामांचा चेंडू त्याच्या हाताशी जायचा.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात नव्या सेक्रेटरी साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "ईश्वर, दरवर्षी तीन महिने मार्कर नाही म्हणून मेंबर कुरकुरतात. या खेपेला शेवटच्या आठांत आलास, तर पुढेही जात जा, मी स्वतः रजा देईन. नाहीतर ही शेवटची. बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय साहेब," मामा म्हणाले.

मुंबईत पहिल्याच फेरीत एका वीस वर्षांच्या पोराने त्यांना घरी पाठवलं. घरी म्हणजे स्वयंपाकघरामागच्या नोकरांच्या खोलीत. तिथे मल्लप्पा स्टोव्हला पंप मारत बसला होता. मल्लप्पा बेळगावच्या कॅम्पातल्या क्लबाचा मार्कर. दरवर्षी दोघांची खोली एक, स्टोव्ह एक. आमटी मल्लप्पाची, भाकरी नागूमामींची. मल्लप्पा दोनदा शेवटच्या आठांत जाऊन आला होता. त्याला त्याचं फारसं काही वाटत नसे.

"किती वेळ टिकलास?" त्याने विचारलं.

"तू पंप मार."

दिल्लीत थंडी. सोलापूरच्या पत्र्याच्या छपराखाली चेंडू तापून उड्या मारतो. दिल्लीत तो मेल्यासारखा पडून राहायचा. चेंडूला ऊब यावी म्हणून मामा खेळाआधी तो काखेत धरून बसत. दोन डावांच्या मध्ये धरत, पॉइंट संपला की धरत. पहिली फेरी त्यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीत समोरचा मार्कर पाय घसरून पडला, उठला, लंगडला. त्यानंतरचे सगळे चेंडू मामांनी त्याच्या हाताशी दिले. हे हरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.  गाडीत कलकत्त्यापर्यंत ते बसल्या बसल्या गुडघा चोळत राहिले. भाकऱ्यांचा आता चुरा होऊ लागला होता, तो मामा आणि मल्लप्पा चटणीत कालवून खात होते.

कलकत्त्याला पहिली फेरी दोघांनीही जिंकली, आणि संध्याकाळी फळ्यावर पुढच्या जोड्या लागल्या. ईश्वर, सोलापूर. समोर मल्लप्पा, बेळगाव. जिंकेल तो शेवटच्या आठांत.

खोलीत आल्यावर मल्लप्पाने डाळ धुतली. बराच वेळ धुतली.

"तुझ्या बायकोची भाकरी खाऊन तुलाच हरवायचं, म्हणजे पाप की रे," तो म्हणाला.

"मग खाऊ नको."

"नको. पाप परवडलं." त्याने हात पुढे केला. "दे चुरा इकडं."

जेवण झाल्यावर मामा म्हणाले, "मल्ल्या, उद्या नीट खेळायचं. माझ्या रजेबिजेचं डोक्यात ठेवायचं न्हाय."

"तुझ्या रजेला विचारतो कोण? झोप."

दुसऱ्या दिवशी जे झालं त्याबद्दल मामा अजून हसतात, पण थोडंच. दोघंही मार्कर. दोघांचाही जन्म चेंडू मरू न देण्यात गेलेला. मामा त्याला कोपऱ्यात न्यायचे आणि मग हाताशी द्यायचे. तो मामांना मागच्या भिंतीशी कोंडायचा आणि मग हाताशी द्यायचा. चेंडू चालायचा, चालायचा, चालतच राहायचा. सज्जात आधी टाळ्या झाल्या, मग हशा पिकला, मग जांभया. मामा सांगतात, दोन साहेब चहाला उठून गेले आणि परत आले, तरी तोच चेंडू चालू होता.

"मार की रे," मल्लप्पा मधल्या विश्रांतीत भिंतीला टेकून म्हणाला. "काय मांडलंय हे?"

"तू मार."

"मी दमलोय."

"मी काय झोपून उठलोय व्हय?"

सामना पाचव्या डावापर्यंत गेला. पाचव्यात मामांना जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांनी सर्व्हिस केली. मल्लप्पा मागे अडकला, त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, तोंड उघडं होतं. समोर अख्खी जागा मोकळी. मामांना दिसत होतं. त्यांनी मनातल्या मनात हाताला सांगितलं आणि हाताने ऐकलं नाही. चेंडू मल्लप्पाच्या हाताशी गेला. त्याने परतवला. पुन्हा जागा मोकळी, पुन्हा चेंडू त्याच्या हाताशी. मामा म्हणतात, त्या वेळी त्यांना वाटलं की आता हे असंच चालणार, आपले गुडघे मोडेपर्यंत.

मग मल्लप्पाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. चेंडू सोपा होता. त्याने रॅकेट उचलली, आणि चेंडू ठणकन पत्र्यावर.

सज्जात टाळ्या वाजल्या. मल्लप्पाने चेहरा पाडला, येऊन हात मिळवला. मामा चेंडू उचलायला पुढे गेले आणि तिथेच थांबले. रबरी चेंडूची काळी खूण पत्र्यावर ताजी उमटली होती.

मधोमध होती.

शेवटच्या आठांतला सामना मामा लवकर हरले. ते कुणाच्या लक्षातही नाही.

परतीचा प्रवास मनमाडमार्गे दौंडपर्यंत एकत्र. भाकरी संपली होती. स्टेशनावर मिळेल ते घेतलं. मल्लप्पा बहुतेक वेळ झोपला, किंवा झोपल्यासारखा राहिला. दौंडला दोघांच्या वाटा फुटतात. मामांना सोलापूरची गाडी, त्याला पुण्याकडची. फलाटावर वळकट्या टाकून बसल्यावर मामांनी विचारलं.

"मल्ल्या, खरं सांग."

"काय?"

"पत्रा."

"पत्रा काय? चुकला. माणसाचं चुकत न्हाई काय रे?"

"मधोमध?"

 पुण्याची गाडी लागली तेव्हा मल्लप्पा उठला, वळकटी खांद्यावर घेतली, आणि डब्याच्या दारातून म्हणाला, "वहिनीला सांग, पुढच्या वर्षी भाकरी जरा जास्त बांध म्हणावं. कलकत्त्याला कमी पडते की."

सोलापुरात क्लबाच्या फळ्यावर मामांचं नाव खडूने लिहिलेलं होतं. सेक्रेटरी साहेबांनी चार मेंबरांसमोर पाठ थोपटली. "शब्द म्हणजे शब्द. पुढच्या वर्षीही जायचं."

"नको साहेब."

"का रे?"

"गुडगा चालत न्हाय आता."

साहेबांना वाईट वाटलं, आणि जरा बरंही वाटलं असावं. मेंबर कुरकुरणार नव्हते.

गल्लीत ही बातमी मामांच्या आधी पोचली. नागूमामी चुलीपुढे बसल्या होत्या. मामा उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. एक गाठ सुटत नव्हती.

"एवढी वर्सं जायासाठी जीव टाकलासा," मामी म्हणाल्या. "आता द्याला निगाले तर न्हाय म्हनलासा. गुडगा काय आज दुकतोय व्हय?"

"न्हाय."

"मग?"

मामांनी गाठ तशीच ठेवून बूट ओढून काढला. "तितं बी तेच निगालं, दिल्याला चेंडू," ते म्हणाले.

मामींना कळलं की नाही ठाऊक नाही.  त्यांनी पाण्याचा तांब्या मामांजवळ सरकवला. मग कुठल्याशा वेळी म्हणाल्या, "त्या बेळगाववाल्याला भाकरी मिळायची न्हाय मग." मामांनी मान हलवली. एवढी एक गोष्ट त्यांनाही बोचत होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मार्चात मी क्लबामागच्या रस्त्याने जात होते. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. कोर्टाचं दार उघडं होतं, वाऱ्यासाठी. आत मामा आणि सेक्रेटरी साहेब खेळत होते. साहेब लाल झाले होते. चेंडू त्यांच्या उजव्या हाताशी, मग डाव्या हाताशी, जरा पुढे, जरा मागे, असा शहाण्यासारखा येत होता. साहेब धावत होते, आनंदात होते. मग ठणकन आवाज झाला.

"हार्ड लक, ईश्वर!" साहेब धापा टाकत म्हणाले. "आज चांगला खेळलास."

"थँक्यू साहेब."

मामा वाकले, एका गुडघ्यावर हात देऊन. पत्र्यापाशी पडलेला चेंडू उचलला आणि पुढचा पॉइंट सुरू होईपर्यंत काखेत धरून उभे राहिले. वर छपराचा पत्रा उन्हाने तडतडत होता.