वायफाय बंद असताना आलेला कॉल

भूतबित, अंगात येणं, कुणीतरी स्वप्नात येऊन सांगणं... असले विषय निघाले की मी चहा टाकायला उठणारी बाई. विश्वास आजही नाही. तरी लिहितेय, कारण हे ह्यांनाही सांगता आलेलं नाही - आणि का सांगता येत नाही, तेच जास्त लाजिरवाणं आहे.

आम्ही मूळचे मिरजेचे. हे रेल्वेत, दोन वर्षांपूर्वी जयपूरला बदली झाली. जवाहर नगरात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. बाबा गेल्यावर माझी आई आमच्याकडे राहायला आली.

नेट घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यात चांगलीच जुंपली. ह्यांचं म्हणणं, वायफाय घेऊ, घरभर वायर कशाला लोंबत ठेवायची? माझं म्हणणं, मीटिंग मध्येच अडकली तर बोलणी मी खायची, मला वायरच हवी. शेवटी जोडणीला आलेला भैया म्हणाला, "दीदी, दोनों रखो ना. आपका काम तार से, बाकी घर वाईफाई पे." जाता जाता त्यानं राउटरमागचं एक बारीक बटण दाखवलं. ते दाबलं की वायफाय बंद, तार मात्र चालू. "कभी ज़रूरत पड़े तो..."

पडली ना गरज!

आईची धाकटी बहीण, शकूमावशी, मिरजेत अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिचं बोलणं कळायचं नाही, पण चेहरा दिसला की आईला सगळं समजायचं. मावशीची मुलगी विद्याताई चारला शाळेतून यायची आणि पाचला शिकवण्यांना निघायची. तेवढ्या तासात ती आईच्या टॅबवर व्हिडिओ कॉल लावायची. आईचा आवाज म्हणजे आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "शके, दिसतेय का गं मी? जेवलीस का?" एकदा ते थेट माझ्या मीटिंगमध्ये गेलं. सगळे हसले. सर म्हणाले, "गावाकडून ट्रंक कॉल आलाय वाटतं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून रोजच्या मीटिंगआधी मी साडेतीनला ते बटण दाबायला लागले. साडेपाचला पुन्हा चालू. आईला सांगितलं, "अगं, इथे दुपारचं नेट जातंच."

"असेल बाई," ती म्हणाली.

दोन महिने असेच गेले. रविवारी मला सुट्टी, म्हणून तेवढं एक बोलणं व्हायचं.

एका गुरुवारी मीटिंग लांबली. सहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर विद्याताईचा फोन आला. मावशी गेली. पंधरा मिनिटांपूर्वी. दोघींना शेवटचंसुद्धा बोलू दिलं नाही मी, एवढंच डोक्यात...

विद्याताई रडत रडत म्हणाली, "एक बरं झालं गं. चारला दोघी पोटभर बोलल्या. चांगला अर्धा तास. माझी आई किती दिवसांनी हसली! तिकडे मावशीच्या मागचा तो बगरूच्या छपाईचा पडदा नवा ना? आई बोटानं दाखवत होती."

तो पडदा मी त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर लावला होता.

उठून राउटरकडे धावले. वायफायचा दिवा बंद. टॅबमध्ये सिम नाही, शेजाऱ्यांचं नेट कधी जोडलेलं नाही. कॉलच्या यादीत रविवारनंतर काही नाही. आणि आईचा एवढा आवाज, तरी मीटिंगमध्ये माझ्या कानावर एक शब्दही आला नव्हता. आईचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात चित्र दिसायचा प्रश्नच नाही.

विद्याताईच्या फोनमध्ये त्या कॉलची नोंद आहे का, एवढंच बघायचं होतं. आम्ही मिरजेला गेलो, तेराव्यापर्यंत तिच्याच घरी राहिलो. फोन रोज माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला असायचा. पण ती "का गं?" म्हणाली असती तर काय सांगणार होते मी? नाही झाला धीर.

जयपूरला परतल्यावर मात्र राहवेना. आई तांदूळ निवडत होती. तिच्यापाशी बसून सगळं ओकले. तिनं मानही वर केली नाही.

"माहितेय. बटणाचा टक् आवाज येतो की माझ्या खोलीत."

"मग त्या दिवशी कॉल कसा आला?"

"मला काय ठाऊक? शकूचा आला, मी घेतला. म्हटलं, आज तू विसरलीस."

"इतके दिवस बोलली का नाहीस मग? भांडायचंस तरी माझ्याशी!"

"नोकरी आहे तुझी," आई म्हणाली. "तुझ्या ऑफिसातली माणसं हसतात."

तो कॉल कसा लागला, मला आजही माहीत नाही. तुमच्यात कुणी नेटमधलं जाणकार असेल तर सांगा, मी ऐकेन. माणसं हसतात हे आईला कुणी सांगितलं, ते मात्र मला माहीत आहे. त्या ट्रंक कॉलच्या दिवशी मी ह्यांच्याजवळ चिडचिड करत होते - हिच्यापायी मला मान खाली घालावी लागते म्हणून - आणि वळून बघते तर आई दारात उभी, हातात माझ्यासाठी सोललेल्या डाळिंबाची वाटी. तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि आपल्या खोलीत गेली.

आणि ते डाळिंब मी खाल्लं हो. सगळं.