चार महिने मागे राहिलेले टेलरमास्तर

टेलरमास्तरांचा एक नियम होता. न वाचलेला पेपर कापायचा नाही. माप आधी पेपरवर आखायचं, तो कागद कापायचा आणि मग कापडावर ठेवायचा, ही त्यांची पद्धत. त्यामुळे गावातल्या कित्येकांच्या पाठीवर न् पोटावर कधी ना कधी देशाचे मोठमोठे निर्णय पसरून गेले होते. पण कात्री लागायच्या आधी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून व्हायला हवा.

आता झालं काय, मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा झाला, दुसऱ्याचा नंबर लागता लागेना. चार महिने वाचन बंद. पेपर मात्र रोज येतच होता. नवा चष्मा लागला तेव्हा कोपऱ्यात कमरेएवढा गठ्ठा. शहाण्या माणसाने वरचा उचलला असता. मास्तरांनी तळातला ओढला.

"रोज दोन वाचा की," त्यांची बायको म्हणाली. तिला सगळं गाव काकू म्हणायचं.

"दोन दिवसांचं जेवण एका दिवसात जेवतेस का तू?"

झालं. तेव्हापासून मास्तर रोज एक पेपर वाचत आणि रोज चार महिनेच मागे राहत. पुढचं कुणी सांगितलेलं त्यांना खपत नसे. न्हाव्याने एकदा सामन्याचा निकाल बोलून टाकला, तर मास्तरांनी त्याच्याशी अबोला धरला. चार महिन्यांनी निकाल वाचला तेव्हा, "तू म्हणालास तस्संच झालं रे," म्हणून त्याची पाठ थोपटायला गेले. निवडणुकीत आपटलेले गावपुढारी रोज दुपारी दुकानात येऊन बसत. अख्ख्या गावात तेवढ्या एका खुर्चीवर ते अजून सत्तेत होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एके दिवशी नोटीस छापून आली. रस्ता रुंद होणार, मास्तरांच्या घराची मागची बाजू जाणार. मागच्या बाजूला स्वयंपाकघर. काकू बुटक्या. माहेरी काय न् सासरी काय, जन्मभर पायाखाली पाट घेऊन त्यांनी स्वयंपाक केला होता. दोनच वर्षांपूर्वी गवंड्याच्या मानगुटीवर बसून त्यांनी ओटा आपल्या उंचीचा करून घेतला होता. बाकी घर गेलं तरी एक वेळ चालेल, ओटा जाता कामा नये. हरकत घ्यायला मुदत पंधरा दिवस, सही घरमालकाची हवी, आणि घर मास्तरांच्या नावावर.

"अहो, आजच्या पेपरात नोटीस आलीय."

मास्तरांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"नुसती सही करा," काकूंनी अर्जच पुढे धरला.

"न वाचता सही करू? आणि वाचला तर पुढचं कळणार. त्या तारखेला पोचू दे मला, मग बघतो एकेकाला."

काकू स्वतःची सही करून अर्ज घेऊन गेल्या. मालकाची सही आणा, म्हणून कचेरीने परत पाठवलं. पंधरा दिवस गेले. अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

नोटिशीनंतर दोन महिन्यांनी पाडायचं मशीन आलं. मास्तर हाताची घडी घालून शेजारी उभे. "काहीतरी कारण असणार," त्यांनी मशीनवाल्यालाच धीर दिला. "सरकार उगाच नाही पाडत. येईल पेपरात. तुम्ही चालू द्या." काकू दुकानात जाऊन बसल्या.

आणखी दोन महिने गेले. काकू आता बोळात, उंच टेबलावर शेगडी ठेवून, पुन्हा पाटावर उभ्या राहून भाजी परतत होत्या. मास्तर पेपर फडफडवत आले.

"अगं, आपलं स्वयंपाकघर जाणार आहे. पण तू घाबरू नकोस, अजून पंधरा दिवस आहेत. असा अर्ज ठोकतो की बघच. मी आहे ना."

इतका जोर त्यांच्या अंगात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. काकूंना त्यांचा भयंकर राग आला, आणि तेवढीच दयाही आली. त्यांनी शेगडी बंद केली.

"ओटा पाडला त्या दिवशी मी दुकानात बसून रडले," त्या म्हणाल्या. "ते कुठल्या पेपरात येणार?"

मास्तरांनी हातातला पेपर खाली केला. मग हळूच म्हणाले, "तारीख कोणती?"

काकूंनी सांगितली. मास्तर गठ्ठ्यापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधलाच पेपर ओढला. उभ्या उभ्या वाचला. पहिलं पान, बाजारभाव, हवामान, श्रद्धांजल्या. उलटून पुन्हा वाचला.

"नाही आलेलं," ते म्हणाले.

"माहीत आहे," काकू पाटावरून खाली उतरल्या. "बसा. मी सांगते."