लघवीची गोळी आणि कुलूपबंद दार

“यांचं नाव ग्रुपमधून काढून टाका,” वजनकाट्याकडे बघत सर म्हणाले. “या ऐकणाऱ्यातल्या नाहीत.”

काट्यावर हिराबाई उभ्या होत्या. निफाडजवळच्या खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलेल्या. द्राक्षबागेत मजुरी करतात. पाय सुजलेले, दोन जिने चढून धाप लागलेली. वजन पुन्हा वाढलं होतं.

हिराबाईंना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप कमजोर होतो आणि अंगात पाणी साठत जातं. आधी पायांवर, मग पोटात, शेवटी फुप्फुसात. चार दिवसांत वाढलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. मीठ हे पाणी धरून ठेवतं. ते पाणी बाहेर काढणाऱ्या गोळीला सगळे लघवीची गोळी म्हणतात.

नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सरांच्या हाताखाली ज्युनिअर डॉक्टर आहे. अशा पेशंटची आम्ही ग्रुप व्हिजिट घेतो. दहा-बारा जण एकत्र बसतात. प्रत्येकाची तपासणी होते, मग औषध-जेवणाबद्दल सगळ्यांसमोर बोलणं. ओपीडीत पेशंटला दोन मिनिटं मिळतात, इथे निवांत वेळ मिळतो. म्हणूनच जागा कमी आणि वेटिंग मोठं. नाव कापलं गेलं तर हिराबाई ओपीडीच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडवून उभ्या राहणार नव्हत्या. श्वास अडकला की थेट आयसीयूत येणार होत्या. एकदा तशा येऊनही गेल्या होत्या.

“अजून एक संधी द्या, सर,” मी म्हटलं.

“एकच. पुढच्या व्हिजिटपर्यंत.” मग ते हिराबाईंकडे वळले. “पापड, लोणचं खाता ना?”

“नाय ओ साहेब. सून मीठच घालत नाय. भाजी तोंडात धरवत नाय.”

“मग वजन काय हवेनं वाढतं?”

हिराबाई काट्यावरून उतरून खुर्चीत बसल्या. सरांनी मिठावरच्या स्लाइड्स दाखवल्या आणि ते राउंडला गेले. त्याच स्लाइड्स, त्याच खाऱ्या शेंगदाण्यांचा फोटो. माझं डोकं तापलं होतं. मी सरळ विचारलं, “आज सकाळची लघवीची गोळी कोणी कोणी घेतली?”

शाळेत वर होतात तसे भराभर हात वर झाले. एकच खाली राहिला. पंचवटीतले गुरुजी. यजमानांचे विधी करतात.

“मी नाही घेतली. दुपारी काम आहे.”

“कामाचा आणि गोळीचा काय संबंध?”

“अहो डॉक्टर, यजमान हातात पाणी घेऊन संकल्पाला बसलाय आणि गुरुजी गायब! कसं दिसेल? काम असलं की गोळीला सुट्टी.”

सगळे खो खो हसले. हिराबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, “तुमचं बरं हाय, गुरुजी. उठून जायाला जागा तरी हाय. आमी कुठं जावं? बागेत सगळे बाप्ये. कंडक्टर आमच्यासाठी यष्टी थांबवतोय व्हय? आन हितं तर कुलूपच हाय.”

“म्हणजे तुम्ही आज...”

“नाय घेतली. हिकडं यायचं असलं की बाहेरगावची एकबी बाई घेत न्हाय. इचारा.”

बायकांचे वर झालेले हात एकेक करून खाली आले.

गोळी नीट लागू पडते का, हे बघायला आम्ही या बायकांना बोलावत होतो. आणि बोलावलं म्हणून त्या गोळी घेत नव्हत्या. वर आम्हीच त्यांना मिठावरून झापत होतो.

आमच्या मजल्यावरच्या टॉयलेटवर ‘फक्त स्टाफसाठी’ अशी पाटी आणि कुलूप. मी तशीच अ‍ॅडमिन मॅनेजरकडे गेले.

“पेशंट घाण करतात, मॅडम. खाली आहे की एक.”

“धाप लागलेल्या माणसानं दोन जिने उतरून परत चढायचे?”

“लिफ्ट आहे ना.”

“ती स्ट्रेचरसाठी आहे. तुमचाच नियम.”

“बरं, कमिटीपुढे ठेवतो. पुढच्या महिन्यात.”

त्याच आठवड्यात ग्रुप व्हिजिटचा भला मोठा फ्लेक्स गेटवर लागला. त्याला कमिटी लागली नव्हती.

पुढच्या व्हिजिटआधी मी सगळ्यांना फोन केले. त्या दिवसापुरती गोळी सोबत आणा, हॉस्पिटलात पोचल्यावर घ्या. मग आयामावशींना मदतीला घेऊन खुर्च्या तळमजल्यावर मांडल्या. खालचं टॉयलेट मॅनेजरच्या केबिनला लागून आहे. खुर्च्या बरोबर केबिनच्या दारात आल्या.

थोड्याच वेळात गोळीनं काम सुरू केलं. एकेक बाई उठायची, केबिनच्या दारात आलेल्या मॅनेजरला म्हणायची, “साहेब, जरा सरका.”

“मॅडम, हे काय लावलंय? इथे ट्रस्टी येतात!”

“येऊ द्या. त्यांचंही बीपी बघते.”

गुरुजींनी मोठ्यानं दाद दिली. व्हिजिट संपायच्या आत वरचं कुलूप निघालं होतं.

गोंधळ ऐकून सर खाली आले. मी सगळं सांगितलं. ते हिराबाईंना म्हणाले, “मला कधी बोलला नाहीत?”

“तुमी मिठाचंच इचारलं, साहेब.”

सर खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला तपासून, कामाचे तास विचारून, गोळीची वेळ ठरवून दिली. हिराबाईंना बागेतून घरी आल्यावर, संध्याकाळ व्हायच्या आत. गुरुजींना विधी आटोपल्यावर.

हिराबाईंचा पंप अजून कमजोरच आहे, तो तसाच राहणार. पण पुढच्या महिन्यात पायांची सूज उतरली, वजन खाली आलं. नाव ग्रुपमध्ये राहिलं. बागेत मात्र अजूनही सोय नाही. मालकाला मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तो बघतो म्हणाला.

‘पेशंट ऐकत नाही’ हे केसपेपरवर एका ओळीत मावतं, म्हणून आम्ही डॉक्टर ते पटकन लिहितो. मी आता आधी विचारते, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तुम्हाला जायला जागा कुठे आहे? बहुतेक बायका सांगतात, कुठंच नाही. मग मी केसपेपरवर तेच लिहिते. सर खाली सही करतात.